रोममध्ये घर, फ्लोरेन्समध्ये हॉटेल, व्हेनिसमध्ये मठ

आई बरोबर येणार हे नक्की झालं आणि इटलीच्या बेतात राहायचं कुठे हाच सगळ्यात मोठा प्रश्न होऊन बसला. आम्ही चौघं: मी, नवरा, कॉलेजात जाणारी लेक आणि पंचाहत्तरी ओलांडलेली आई. आई शुद्ध शाकाहारी. उठल्याबरोबर तिला चहा लागतो, आणि गुडघ्यांमुळे जिने नकोत. आपल्याकडे हॉटेलच्या एका खोलीत जास्तीची गादी टाकून चौघं मावतात. तिकडे खोली जितक्यांची, तितकीच माणसं. चौघांची खोली असते, पण थोड्या हॉटेलांत, आणि ती लवकर जाते. नाहीतर दोन खोल्या घ्यायच्या, किंवा थोड्या दिवसांसाठी कुणाचं तरी घर.

हिशेब मांडताना एक गोष्ट ध्यानात आली. घराच्या भाड्यावर साफसफाईचे पैसे एकदाच लागतात, मुक्काम कितीही असो. समजा ते ८० युरो असले, तर दोन रात्रींच्या मुक्कामात रात्रीमागे ४० पडतात आणि पाच रात्रींच्या मुक्कामात १६. बुकिंगच्या साइटचं शुल्क वेगळंच. म्हणून पहिल्या पानावरचा दर बघून हॉटेलशी तुलना करू नका. पैसे भरायच्या पानावरची एकूण रक्कम धरा. पर्यटक कर दोन्हीकडे आहे. रोममध्ये भाड्याच्या घराला माणशी रात्रीला ६ युरो, तीन तारांकित हॉटेललाही ६, चार तारांकितला साडेसात. दहा वर्षांखालच्या मुलांना माफ. चौघांचे पाच रात्रींचे १२० युरो होतात आणि ते बहुतेक वेळा तिथे पोचल्यावर वेगळे द्यावे लागतात.

त्यामुळे आम्ही ठरवलं, रोममध्ये मुक्काम लांब, तिथे घर. फ्लोरेन्समध्ये थोडाच, तिथे हॉटेल. व्हेनिसला परत घर, म्हणजे निघण्याआधी कपडे धुऊन होतील. व्हिसाच्या अर्जाला राहण्याचा पुरावा जोडावा लागतो. हॉटेल सगळ्यांची नावं घालून पत्र देतं, घराच्या बुकिंगवर मात्र बहुधा एकाचंच नाव येतं. घरमालकाकडून चौघांची नावं आणि तारखा लिहिलेलं पत्र आधीच मागून घ्या. आमचं काम त्यामुळे विनातक्रार झालं.

रविवार, रोम

२०२५ चा दसरा झाल्यावर निघालो. विमानतळावरून लिओनार्दो एक्सप्रेस ३२ मिनिटांत टर्मिनी स्टेशनला आणून सोडते. आमचं घर तिथून जवळच, एस्क्विलिनो भागात, पियात्सा व्हित्तोरिओ या चौकाच्या मागच्या गल्लीत होतं.

घर निवडताना मी एकच गोष्ट धरून बसले होते: किल्ली हातात द्यायला माणूस हवं. रोम-फ्लोरेन्समध्ये कितीतरी इमारतींच्या दारांवर, जाळ्यांवर आकडे फिरवून उघडायच्या किल्लीच्या छोट्या पेट्या लटकलेल्या असायच्या. पाहुणा येतो, आकडे फिरवतो, किल्ली काढतो. मालकाची गाठसुद्धा पडत नाही. फ्लोरेन्सने २०२५ च्या सुरुवातीला जुन्या शहरातल्या या पेट्यांवर बंदीच घातली. मला त्या पेट्या नको होत्या, कारण आईला घेऊन रात्री परक्या गल्लीत मोबाइलच्या उजेडात आकडे जुळवत उभं राहायचं नव्हतं.

घरमालकिणीची बहीण फाटकाशी उभी होती. तिने आधी आईचा हात धरला, मग आमच्याशी बोलली. लिफ्ट दोघांपुरती, म्हणून आईला आणि एका बॅगेला घेऊन ती पहिल्या फेरीत वर गेली. पासपोर्ट मागितले तेव्हा नवरा जरा बिचकला, पण तो तिथला नियमच आहे. हॉटेल असो की घर, पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे कळवावी लागते. जानेवारी २०२५ पासून प्रत्येक भाड्याच्या घराला राष्ट्रीय नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. तो आयटी या अक्षरांनी सुरू होतो, जाहिरातीत आणि इमारतीच्या दाराशी लावलेला असायला हवा. जाहिरातीत तो क्रमांक नसेल तर ते घर सोडून द्या.

तिने गॅसची चावी कुठे ते दाखवलं, कचऱ्याचे वेगवेगळे डबे दाखवले आणि दाराचं कुलूप चार वेळा फिरवायला लावलं. आतून किल्ली कुलपात ठेवून बाहेर पडू नका, मग बाहेरची किल्ली चालत नाही, हे तिने दोनदा बजावलं. दुपारी वरणभात झाला. आईचा छोटा कुकर आणला होता. निघण्याआधीच शेगडी गॅसची की इंडक्शनची हे विचारून घेतलं होतं. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही, हे नेणाऱ्यांनी जरूर लक्षात ठेवा.

सोमवार, रोम

कोजागरी होती. आईने घरून केशर, चारोळी, वेलदोडे आणले होते. तूप मात्र आणता येत नाही. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. तूप, पेढे, दुधाची भुकटी घरीच ठेवा. मसाले, मेतकूट, भाजणी यांना अडचण आली नाही.

सकाळीच आम्ही एस्क्विलिनोच्या मंडईत गेलो. जुन्या लष्करी बराकीतली ही झाकलेली मंडई म्हणजे रोमच्या या प्रवासातली माझी सगळ्यात आवडती जागा. कलोसियमपेक्षाही. एका बाजूला चिनी पालेभाज्या, पुढे आफ्रिकेतले कंद, मासळीचे ओटे, आणि मग बांगलादेशी भाजीवाल्यांची रांग: भेंडी, कारली, दुधी, आलं, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर. एक दाढीवाले चाचा हिंदीत बोलायला लागले, आणि आईने लगेच घासाघीस सुरू केली. मी तिला दंडाला धरून थांबवत होते, पण चाचांनाच मजा वाटत होती. किती वर्षांनी कुणीतरी भाव करतंय, म्हणाले. मिरच्या आणि कोथिंबीर वरून घातली, पैसे घेतले नाहीत. आपली मुलगी रोमच्या विद्यापीठात शिकते हे त्यांनी आईला सांगितलं, तेव्हा आईने तिच्यासाठी खडीसाखरेची पुडी पर्समधून काढून दिली.

दुकानातून लोणी आणलं. तिकडचं साधं लोणी बिनमिठाचंच असतं. आईने ते मंद आचेवर कढवून तूप केलं आणि संध्याकाळी दूध आटवायला ठेवलं. मधल्या वेळात आम्ही सान्ता मारिया माज्जोरेला जाऊन आलो. चर्च घरापासून चालत जाण्याजोगं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस यांना तिथे पुरलं. साध्या दगडावर फक्त त्यांचं लॅटिन नाव, बाकी काही नाही. ज्युबिलीचं, म्हणजे कॅथलिकांचं पवित्र वर्ष असल्यामुळे रांग मोठी होती, पण हलत होती.

रात्री चौकावरच्या छपरांमागून चंद्र वर यायला बराच उशीर लागला. आम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीशी दुधाचे पेले घेऊन उभे होतो. समोरच्या खिडकीतल्या एका म्हाताऱ्या बाई आमच्याकडे बघत होत्या. आईने पेला वर करून दाखवला. त्यांनीही हात हलवला.

मंगळवार, रोम

कलोसियम, फोरम, पालातिनो टेकडी. या जागांवर इतकं लिहिलं गेलंय की मी फक्त पाण्याचं सांगते. रोममध्ये रस्तोरस्ती लोखंडी नळखांब आहेत, अडीच हजारांच्या आसपास, त्यांतून थंडगार पिण्याचं पाणी सतत वाहतं. बाटली विकत घ्यायची गरज नाही. आईने प्रत्येक नळाशी थांबून पाय ठेवायला जागा शोधली, आणि तेवढ्या विश्रांतीवर ती संध्याकाळपर्यंत चालली.

घरी आल्यावर कपडे मशीनला लावले, चहाला विजेच्या किटलीत पाणी ठेवलं, लेकीने ओव्हनमध्ये बटाटे ठेवले, आणि घर अंधारात गेलं. आतला स्विच वर केला तरी काही होईना. इटलीतल्या घरांना बहुधा ३ किलोवॅटचीच वीजजोडणी असते. मशीन, ओव्हन आणि किटली एकत्र चालली की मीटरचा खटका खाली पडतो, आणि मीटर असतो तळमजल्यावर. मालकिणीचा फोन लागत नव्हता. आम्ही जिन्यात उजेड घेऊन उभे असताना समोरच्या त्या बाई दार उघडून बाहेर आल्या. नवऱ्याला त्यांनी खाली नेलं, मीटरच्या कपाटातला आमचा खटका दाखवला, आणि बोटांनी सांगितलं: एका वेळी एक.

मग आम्ही त्यांना आत बोलावलं. त्यांना इंग्रजी थोडंच येत होतं. लेकीने मोबाइलवर भाषांतर चालू केलं. कुकरच्या शिट्ट्यांविषयी त्यांनी पहिल्यांदा विचारलं. रोज दुपारी हा कसला आवाज, म्हणून. आईने कुकर पुढे आणून झाकण, शिट्टी, रबर सगळं दाखवलं. त्या लग्न होऊन या इमारतीत आल्या होत्या, मुलं इथेच वाढली. खाली फाटकापाशी घंटांची पाटी आहे, प्रत्येक बटणासमोर कुटुंबाचं आडनाव. आता त्यातल्या बऱ्याच बटणांपुढे नुसते आकडे आहेत, कारण ती घरं पाहुण्यांची झाली. त्या रागावून बोलत नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, “तुम्ही भले लोक आहात. पण तुम्ही जाल, मग दुसरे येतील. रात्री मला बरं वाटेनासं झालं तर मी कुणाचं दार वाजवू?”

आईने उत्तर दिलं नाही. मलाही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने साजूक तुपातला शिरा केला आणि वाटी झाकून स्वतः नेऊन दिली.

बुधवार आणि गुरुवार, रोम

बुधवारी सेंट पीटरच्या चौकात पोपची सार्वजनिक भेट असते, त्यामुळे सकाळी तिकडे गर्दी फार. व्हॅटिकन म्युझियम आम्ही दुपारचं ठेवलं होतं, तेच बरं झालं.

रात्री मात्र गारठा वाढला आणि आईला खोकला सुरू झाला. खोली गरम करणारे रेडिएटर थंड. मालकिणीला विचारलं तर कळलं की रोम-फ्लोरेन्सच्या हवामानपट्ट्यात इमारतींचं हीटिंग १ नोव्हेंबरपासून चालू करायची परवानगी असते. व्हेनिसच्या पट्ट्यात १५ ऑक्टोबरपासून. ऑक्टोबरात वयस्क माणसांना घेऊन घरात राहणार असाल तर जास्तीची पांघरुणं आहेत का, गरम हवा देणारा एसी आहे का, हे आधी विचारा. तिच्या बहिणीने तासाभरात दोन रजया आणून दिल्या, हे तिचं मोठेपण.

गुरुवारी आई घरीच थांबली. आम्ही परत आलो तेव्हा शेजारच्या बाई आमच्या स्वयंपाकघरात बसलेल्या, टेबलावर आमची वाटी, तिच्यात काळी द्राक्षं. रिकामी वाटी परत करू नये हे त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे. दोघींना एकमेकींचं अवाक्षर कळत नव्हतं. आईने कोथिंबीर निवडायला घेतली होती आणि अर्धी जुडी त्यांच्या पुढ्यात होती.

शुक्रवार, फ्लोरेन्स

दीड तासात गाडीने फ्लोरेन्स. हॉटेल एका जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यांवर, कुटुंबाने चालवलेलं. लिफ्ट आहे असं नुसतं वाचून थांबू नका. जुन्या इमारतींत कधी कधी लिफ्टपर्यंत पोचायलाच दहा-बारा पायऱ्या असतात. मी रस्त्यापासून खोलीपर्यंत किती पायऱ्या असं विचारलं होतं, आणि त्यांनी फोटो पाठवला होता.

खोली तयार व्हायला वेळ होता तर बॅगा ठेवून घेतल्या. घराच्या बाबतीत हा नेहमीचा अडसर: दहाला घर सोडायचं आणि पुढच्याचा ताबा तीनला, मधल्या वेळात बॅगा कुठे? स्टेशनवर सामान ठेवायची सोय असते, पण ती शोधत फिरणं आईला झेपलं नसतं. काउंटरवरच्या काकांनी आईचा खोकला ऐकला आणि औषधांच्या दुकानात फोन करून काय घ्यावं ते विचारून ठेवलं. खोलीत किटली नव्हती. रात्रपाळीचा मुलगा पहाटे सहाला गरम पाण्याची सुरई आणि दुधाचा छोटा जग दाराशी आणून ठेवायचा. आम्ही एकदाच सांगितलं होतं, त्याने रोज केलं.

जेवणाची मात्र आईची पंचाईत झाली. शिळ्या पावाची, घेवड्याची आणि काळ्या कोबीची रिबोलिता, टोमॅटो-पावाची पाप्पा अल पोमोदोरो हे तिथले गरिबाघरचे पदार्थ तिला आवडले. पण सूप कशात शिजवलंय हे प्रत्येक ठिकाणी विचारावं लागतं, आणि कट्टर शाकाहारींसाठी सांगते, पार्मेजान चीजमध्ये जनावराचं रेनेट, म्हणजे वासराच्या जठरातून काढलेलं दूध साकळवणारं द्रव्य असतं. शनिवारी रात्री तिने भाताची आठवण काढली. हॉटेलात कुकर लावता येत नाही.

रविवार, फ्लोरेन्स

शनिवारी उफित्सी हे चित्रसंग्रहालय आणि डेव्हिडचा पुतळा झाले होते. रविवार आईसाठी राखलेला. आईचं माहेर कोल्हापूर, आणि फ्लोरेन्सला यायचं तिचं कारण एकच होतं: राजाराम महाराजांची छत्री.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, शाहू महाराजांच्या आधीच्या काळातले, १८७० साली इंग्लंडचा दौरा आटोपून परतताना फ्लोरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला तिथल्याच हॉटेलात वारले. वय अवघं वीस. आर्नो नदीला मुन्योने नदी मिळते त्या संगमावर त्यांना अग्नी दिला. १८७४ मध्ये तिथे स्मारक उभं राहिलं, वर छत्री आणि खाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा, फेटा आणि दागिन्यांसकट. शिल्प चार्ल्स फुलर यांचं, रचना चार्ल्स मँट यांची.

हे स्मारक कॅशिने बागेच्या पार पश्चिम टोकाला आहे. ट्राम पूर्वेच्या टोकाला सोडते आणि बाग साडेतीन किलोमीटर लांब. आईला तेवढं चालवणं शक्य नव्हतं, आणि इटलीत रस्त्यात हात करून टॅक्सी थांबवायची पद्धत नाही, थांब्यावर जावं लागतं किंवा फोन करून बोलवावी लागते. काउंटरवरच्या काकांना ‘इंडियानो’ एवढं म्हटलं मात्र, त्यांचा चेहरा उजळला. लहानपणी ते सायकलवरून तिथवर जायचे. जवळच्या पुलाचं नावही ‘पाँते आल्लिंदियानो’, पण तो इंडियन म्हणजे नेमका कोण हे त्यांना माहीत नव्हतं. आईने त्यांना सांगितलं, मी भाषांतर केलं. टॅक्सी त्यांनीच बोलावली, चालकाला तासाभराने परत यायला सांगितलं.

तिथे रविवारची माणसं होती; पळणारे, कुत्री फिरवणारे, मुलांना झाडाखाली भरवणारे. आईने बरोबर आणलेली कोल्हापूरची चिमूटभर माती आणि हळदकुंकू छत्रीच्या पायाशी वाहिलं. चार बाजूंना वेगवेगळ्या भाषांतले लेख आहेत, ते ती बोट फिरवत बघत राहिली. “एवढ्या लांब, एवढ्या लहान वयात, परक्या खोलीत,” असं ती म्हणाली आणि मग बराच वेळ संगमाकडे बघत बसली. एक पळणारी मुलगी थांबली, आम्ही कुठून आलो विचारलं. कोल्हापूर हे नाव तिने तीनदा म्हणून पाहिलं.

हॉटेलवर परतलो तर मोबाइलवर निरोप: व्हेनिसच्या घराचं बुकिंग मालकाने रद्द केलं आहे. कारण काही दिलं नव्हतं. पैसे परत मिळणार होते, पण दुसऱ्या दिवशी आम्ही व्हेनिसला पोचणार होतो आणि आता चौघांना मिळेल ते सगळं दुप्पट भावाने होतं. आधी वाचून ठेवा: घरमालकाने रद्द केलं तर पर्यायी जागा कोण देणार? हॉटेलात एखादी खोली गळली तरी बहुधा शेजारच्या हॉटेलात सोय लावतात. एकट्या मालकाच्या घरात तसं दुसरं दार नसतं.

काकांनी मोबाइल बाजूला ठेवायला लावला आणि फोनची जुनी वही काढली. त्यांची बहीण व्हेनिसला शाळेत शिकवत होती. तिच्या ओळखीने एका मठाच्या अतिथिगृहात दोन खोल्या मिळाल्या.

सोमवार, व्हेनिस

इटलीत हा तिसरा मार्ग आहे आणि आपल्याकडे तो कुणी फारसा विचारात घेत नाही. ख्रिस्ती जोगिणींचे, धर्मसंस्थांचे मठ आपल्या रिकाम्या खोल्या प्रवाशांना देतात. धर्म विचारत नाहीत, जोडप्यांना आणि कुटुंबांना घेतात. दर हॉटेलपेक्षा कमी. स्वयंपाकघर वापरता येत नाही, खोल्या साध्या, आणि रात्री ठरावीक वेळेनंतर दार बंद. आमच्या मठाची वेळ अकराची होती. बुकिंग बऱ्याच ठिकाणी ईमेलने किंवा फोनवरच होतं.

व्हेनिसमध्ये राहायची जागा शोधताना अंतर बघू नका, पूल मोजा. प्रत्येक पुलाला दोन्ही बाजूंनी पायऱ्या, आणि बॅगा आपल्यालाच उचलायच्या. आमचा मठ बोटीच्या थांब्यापासून एकही पूल न ओलांडता येण्याजोगा होता.

दार उघडलं ते केरळच्या एका सिस्टरने. आईच्या साडीकडे बघून त्या आधी हसल्या आणि मग हिंदीत म्हणाल्या, “अंदर आइए अम्मा, चाय बनाती हूँ।” दूध घालून, उकळून, आलं ठेचून केलेला चहा. आई खुर्चीत बसून तो दोन्ही हातांनी धरून प्यायली. सिस्टर पुण्याजवळच्या एका दवाखान्यात काही वर्षं काम करून आलेल्या. मराठी समजायचं, बोलताना अडखळायच्या. संध्याकाळच्या जेवणाला त्यांनी आम्हाला त्यांच्या टेबलावर बोलावलं. त्यांनी आपल्यासाठी शिजवलेला भात होता आणि त्यांच्या आईने घरून पाठवलेलं लिंबाचं लोणचं. फ्लोरेन्समध्ये आईने ज्याची आठवण काढली होती तो भात असा मिळाला.

मंगळवार, व्हेनिस

रियाल्तो पुलाजवळ काम्पो सान बार्तोलोमेओ हा छोटा चौक आहे. तिथल्या औषधांच्या दुकानाच्या काचेत २००८ पासून एक आकडा लावलेला असतो: जुन्या व्हेनिसमध्ये आज किती लोक राहतात. १९५१ मध्ये ते १,७५,००० च्या आसपास होते. २०२२ मध्ये ५०,००० च्या खाली गेले. आम्ही पाहिला तो आकडा अठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास होता. काम्पो सान्ता मार्गेरितामधल्या पुस्तकांच्या दुकानाने २०२३ मध्ये दुसरा आकडा लावला, शहरातल्या पर्यटकांच्या खाटांचा. त्याच वर्षी खाटा रहिवाशांपेक्षा जास्त झाल्या.

लेक काचेसमोर उभी राहून म्हणाली, “आई, रोमच्या आजी हेच सांगत होत्या ना?” हेच. फ्लोरेन्सने २०२३ मध्ये जुन्या शहरात नवी भाड्याची घरं काढायला मनाई केली ती याच कारणाने.

मला रोमचं ते घर मनापासून आवडलं होतं आणि अजून आवडतं. तिथे तूप कढलं, कोजागरी झाली, आईला आपलं ताट मिळालं. हॉटेलात यातलं काहीच झालं नसतं. पण ते घर चांगलं ठरलं ते त्यात माणसं होती म्हणून: किल्ली देणारी बहीण, खटका दाखवणाऱ्या आजी. आजींसारखे सगळे निघून गेले आणि पूर्ण जिना पाहुण्यांचाच झाला, तर पाहुण्याला तरी तिथे काय मिळणार? म्हणून माझं मत आता ठाम आहे. व्हेनिससारख्या रिकाम्या होत चाललेल्या शहरात मी भाड्याचं पूर्ण घर घेणार नाही. हॉटेल, मठ, किंवा मालक स्वतः राहतो अशा घरातली खोली घेईन. मोठ्या शहरात, लांब मुक्कामाला, वडीलधारी माणसं बरोबर असताना घर जरूर घेईन, पण नोंदणी क्रमांक असलेलं आणि दाराशी भेटणाऱ्या माणसाचं. एक-दोन रात्रींना हॉटेलच बरं, किल्लीची आणि बॅगांची यातायात तेवढ्यासाठी कशाला.

बुधवार आणि निघायचा दिवस

बुधवारी आम्ही तिघं बुरानोला गेलो, रंगीत घरांचं बेट. आई आली नाही. ती मठाच्या बागेत सिस्टरबरोबर वाल सोलत बसली होती आणि दोघींची मराठी-हिंदी-मल्याळम अशी मिसळ चालली होती. मठातले रेडिएटर त्या दिवशी गरम झाले, पंधरा तारीख उजाडली होती.

गुरुवारी पहाटे निघायचं होतं. नाश्त्याची वेळ सातची, पण सिस्टरनी साडेपाचला चहा आणि पावाच्या पुड्या तयार ठेवल्या. विमानतळाची बस पियात्साले रोमाहून सुटते. तिकीट आदल्या दिवशीच काढून ठेवलेलं बरं, पहाटे खिडकी बंद असते.

रद्द झालेल्या घराचे पैसे आम्ही परतल्यावर आले. आता पुढच्या वर्षासाठी लिस्बन बघतोय, आणि मी घरं शोधताना सगळ्या मालकांना एकच प्रश्न आधी पाठवते: तुम्ही त्याच इमारतीत राहता का? काहींनी उत्तरच दिलं नाही. एकीचं उत्तर काल आलं. ती वरच्या मजल्यावर राहते, शेगडी गॅसची आहे, आणि लिफ्ट नाही, तर तुमच्या आईंना दोन मजले चढवतील का असं तिने विचारलंय. आईने सध्या सोसायटीच्या जिन्यावर सराव सुरू केला आहे.